सशाची किंकाळी

गेल्या हिवाळ्यात आई आमच्याकडे ऑस्टिनला आली होती. पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. जेटलॅगमुळे पहाटे चारलाच उठून खिडकीशी बसली होती. मी पाणी प्यायला उठलो तर म्हणाली, "अरे, तुमच्या अमेरिकेत पण कोल्हे आहेत की!" मी कान दिला. घरामागच्या ओढ्याच्या बाजूने जोरदार कोल्हेकुई चालू होती. "आई, याला इथे कायोटी म्हणतात." "म्हणू देत काहीही. कोल्हाच तो. दहा-बारा तरी असतील."

आईचं एक बरोबर होतं आणि एक चूक. कायोटी हा आपल्या कोल्ह्याचा चुलतभाऊच, दोघंही 'कॅनिस' घराण्यातले. (आपण फॉक्सला सर्रास कोल्हा म्हणतो, पण फॉक्स म्हणजे खोकड. कोल्हा म्हणजे जॅकल. हे पुढे लागणार आहे, लक्षात ठेवा.) पण ते दहा-बारा नव्हते. कायोटी आवाजाची पट्टी इतक्या भराभर बदलतो की दोन जण ओरडले तरी टोळी वाटते. नाव मूळचं मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेतलं. लुईस आणि क्लार्क १८०४ साली मिझुरी नदीवरून वर निघाले तेव्हा त्यांना हा प्राणी नवा होता, त्यांनी त्याला प्रेअरीचा लांडगा म्हटलं. शास्त्रीय नाव १८२३ साली टॉमस से याने दिलं: कॅनिस लॅट्रान्स, म्हणजे भुंकणारा कुत्रा. नावातच आवाज आहे. आणि आजचा विषयही आवाजच आहे.

सोमवारी हापिसात जेवताना मी हा किस्सा सांगितला. आमच्या टेस्टिंग टीममध्ये एक अस्सल टेक्सन आहे, त्याच्या घरची लानो गावाजवळ शेळ्यांची रँच आहे. तो म्हणाला, "आईंना सांग, हवं तर त्यांना दारात बोलावून दाखवतो." आणि गाडीतून बोटाएवढी एक लाकडी शिट्टी घेऊन आला. पार्किंगमध्ये उभं राहून त्याने ती फुंकली मात्र, पलीकडच्या बिल्डिंगमधून दोन माणसं बाहेर आली. तान्ह्या मुलाला कोणी चिमटा काढल्यावर ते जसं कळवळून ओरडेल, तसा आवाज! म्हणाला, हा ससा आहे. मरणारा ससा.

ससा जन्मभर गप्प असतो. एकदाच ओरडतो, कोणीतरी धरल्यावर. त्या ओरडण्याची नक्कल करायची आणि जो खायला येईल त्याला मारायचं, एवढंच या शिकारीचं तत्त्व. इथे याला प्रेडेटर कॉलिंग म्हणतात. माझं कुतूहल चाळवलं आणि पुढचे तीन-चार वीकांत त्यात गेले. त्याचा हा गोषवारा.

शिट्टीत काय असतं? पेटी उघडून पाहिली असेल तर लगेच कळेल. हार्मोनियममध्ये असते तशी एक पातळ पत्ती, हवेने थरथरणारी. एका प्रकारात ही पत्ती नळीच्या आत बंद असते; फुंकलं की झालं, नवशिक्यांसाठी तोच बरा. दुसऱ्या प्रकारात प्लास्टिकची पत्ती उघडी असते आणि ओठ किंवा दात कुठे टेकवता त्यावर पट्टी ठरते. टोकाला धरलं तर रानससा, पुढे सरकलात तर उंदराचं चूंचूं. हाताची ओंजळ उघडझाप करून आवाज रडका करायचा. सगळी मेख त्या रडकेपणात. सूर लागून उपयोग नाही, कळ लागली पाहिजे.

युक्ती अर्थातच नवी नाही. अमेरिकेतल्या मूलनिवासी जमाती पाडसाचा आवाज काढून हरणीला बोलावत. आपल्याकडे फासेपारधी तित्तराचा हुबेहूब आवाज काढतात, पाळीव तित्तर ठेवून रानातल्या तित्तरांना फाशात आणतात. आणि जिम कॉर्बेट ज्यांनी वाचलाय त्यांना ठाकची नरभक्षक आठवेलच: १९३८ च्या नोव्हेंबरअखेर, वाघाचा जोडीदाराला घातलेला साद तोंडाने काढून कॉर्बेटने तिला समोर आणलं होतं. पण या जुन्या कलेचा धंदा केला तो टेक्सासने.

ऑस्टिनपासून तासाभराच्या अंतरावर मार्बल फॉल्स नावाचं गाव आहे. तिथे मॉर्टन बर्नहॅम नावाचे गृहस्थ विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून तोंडानेच सशाची किंकाळी काढून खोकडं बोलवायचे. मरी आणि विन्स्टन ही त्यांची मुलं हे बघतच मोठी झाली. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला या भावांनी शिट्ट्या बनवून टपालाने विकायला सुरुवात केली. त्यात त्यांना यश का आलं हे समजायला तो काळ बघायला हवा. युद्ध नुकतंच संपलेलं, माणसांच्या हातात पगार, गाडी आणि रायफल, आणि घरोघरी शिकारीची मासिकं. त्यात बर्नहॅम बंधूंचे फोटो आणि लेख यायचे. लोक खालची जाहिरात कापून पैसे पाठवायचे. वडिलांचा ओठांचा सूर लाकडात भरून देशभर गेला.

इथे एक बारीक गोष्ट आहे. बर्नहॅम बंधूंच्या डोंगराळ मुलखात तेव्हा मुख्यतः येत ती खोकडं आणि बॉबकॅट. कायोटी तिथून जवळपास साफ झाला होता. का? कारण हा मुलूख शेळ्यामेंढ्यांचा. मैलोन्मैल जाळीची कुंपणं, आणि त्याच्या आत सापळे आणि विष.

हे प्रकरण समजून घेतल्याशिवाय शिट्टीचा इतिहास अर्धवट राहील. अमेरिकन सरकारने १९१५ साली हिंस्र प्राणी मारण्यासाठी सव्वा लाख डॉलर मंजूर केले. आधी नंबर लागला लांडग्यांचा. १९२६ पर्यंत यलोस्टोनमधला शेवटचा लांडगाही मारून झाला. मग सगळी यंत्रणा कायोटीकडे वळली. डेन्व्हरला एक सरकारी प्रयोगशाळाच होती जिच्या नावात 'निर्मूलन पद्धती' असे शब्द होते! १९३१ साली काँग्रेसने कायदा करून दहा वर्षांत एक कोटी डॉलर खर्चायला परवानगी दिली. मंदीचं वर्ष, लोकांना खायला नाही, आणि कायोटीसाठी कोटी. आधी स्ट्रिक्नीन, मग चाळीसच्या दशकात १०८० नावाचं विष आलं, मेलेल्या घोड्याच्या मांसात टोचून माळावर टाकायचं. ते खाऊन फक्त कायोटी मरतो असं थोडंच आहे? १९७२ मध्ये अध्यक्ष निक्सन यांनी सरकारी जमिनींवर ही विषं वापरायला बंदी घातली.

गंमत अशी की हे युद्ध चुकीच्या अंदाजावर चाललंय हे सरकारच्याच माणसांना फार आधी कळलं होतं. अॅडॉल्फ म्युरी या जीवशास्त्रज्ञाने यलोस्टोनमध्ये दोन वर्षं कायोटीची विष्ठा गोळा केली, पाच हजारांहून जास्त नमुने. (आपण लॉग फायली चाळतो तसंच. कंटाळवाणं काम, पण खरं काय घडलं ते तिथेच असतं.) १९४० साली अहवाल आला: कायोटी पोट भरतो ते मुख्यतः उंदीर-घुशींवर, हरणांच्या कळपांना त्याने फारसा फरक पडत नाही. अहवाल छापला गेला, विषही चालूच राहिलं.

मग १९७२ मध्ये फ्रेडरिक नोल्टन याने टेक्सासमधल्या अभ्यासातून दाखवलं की जिथे कायोटींना फारसं मारत नाहीत तिथे एका वेताला सरासरी चारच्या आसपास पिल्लं होतात, आणि जिथे जोरात मारतात तिथे सातच्या आसपास. गर्दी कमी झाली की उरलेल्यांना खायला जास्त मिळतं, पिल्लं जास्त होतात आणि जगतात. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात कॉनली आणि लाँगहर्स्ट यांनी याचं संगणकावर मॉडेल बनवलं. उत्तर काय आलं? दरवर्षी ७५ टक्के कायोटी मारा, आणि हे न चुकता जवळपास ५० वर्षं करत राहा, तर ते संपतील. १९७५ सालच्या संगणकावर! मला तर त्या प्रोग्रॅमचा आउटपुट छापून येताना बघणाऱ्या माणसाचा चेहरा डोळ्यासमोर येतो.

आणि प्रत्यक्षात काय झालं? जो प्राणी मुख्यतः पश्चिमेच्या माळावर होता तो आज अलास्कापासून पनामापर्यंत पसरलाय. लांडगा मारला, त्यामुळे त्याच्या वाटेतला मोठा धटिंगण आपणच दूर केला. (१९९५ मध्ये यलोस्टोनमध्ये लांडगे परत आणून सोडले तेव्हा तिथल्या उत्तर भागातले कायोटी काही वर्षांत निम्म्यावर आले. शंभर वर्षांत सरकारला जे जमलं नाही ते लांडग्यांनी पगार न घेता केलं.) शिकागो, लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क, आणि आमच्या घरामागचा ओढा. सरकारी खात्याचं काम मात्र थांबलेलं नाही. २०१८ या एका वर्षात त्यांनी सुमारे ६८ हजार कायोटी मारले.

बॉबकॅटची गोष्ट वेगळी. हे आखूड शेपटीचं रानमांजर, वजन साधारण सात ते बारा किलो. शेळीपालकांचं त्याच्याशी वैर तसं कमी. त्याच्या मुळावर उठलं ते त्याचं कातडं. सत्तरच्या दशकात बिबटे, ओसेलॉट अशा ठिपकेवाल्या मोठ्या मांजरांच्या कातड्यांचा व्यापार कायद्याने बंद झाला. चांगलीच गोष्ट. पण युरोपातल्या बायकांना ठिपकेवाला कोट हवाच होता. मग व्यापाऱ्यांची नजर बॉबकॅटवर गेली, आणि थोडक्या डॉलरना जाणारं कातडं दशक संपेपर्यंत शंभराच्या वर गेलं. एका ठिकाणचा बग दुरुस्त केला की दुसऱ्या ठिकाणी नवा निघतो, तसला प्रकार. १९७७ मध्ये आंतरराष्ट्रीय करारात सगळ्याच मांजरकुळाची नोंद झाली, आणि तेव्हापासून बॉबकॅटचं कातडं परदेशी पाठवायला सरकारी टॅग लागतो. कॅलिफोर्नियाने तर २०१५ मध्ये त्याला सापळ्यात पकडण्यावरच बंदी घातली.

आता परत शिट्टीकडे. शिट्टी फुंकणाऱ्याची अडचण अशी की आवाज त्याच्याच तोंडातून येतो, त्यामुळे जनावराचे डोळे थेट त्याच्यावर. वेको गावच्या जॉनी स्ट्यूअर्टने यावर उपाय काढला: खऱ्या प्राण्यांचे आवाज ध्वनिमुद्रित करून त्याच्या तबकड्या विकायच्या. साठच्या दशकात लोक माळावर रेकॉर्ड प्लेअर आणि कर्णा घेऊन जायला लागले! मग कॅसेट आली, नव्वदच्या दशकाअखेर डिजिटल यंत्रं आली. आता शेकडो आवाज, रिमोट, आणि बाजूला हलणारं एक खोटं शेपूट. शिकारी बसतो एकीकडे, ससा ओरडतो दुसरीकडे. बदकांच्या शिकारीत असा ध्वनिमुद्रित आवाज वापरायला केंद्र सरकारची मनाई आहे. कायोटीसाठी टेक्सासमध्ये ना हंगाम, ना संख्येची मर्यादा.

पण कायोटीही शिकतो. ज्याने एकदा शिट्टी ऐकली, गोळी ऐकली आणि वाचला, तो परत त्या आवाजाला येत नाही. म्हणजे शिट्टी अडाण्यांना मारते आणि हुशारांना मागे ठेवते. अॅंटिव्हायरस आणि व्हायरस यांची जी शर्यत आपण रोज बघतो, तीच इथे माळावर.

हे सगळं वाचून झाल्यावर मी सहकाऱ्याला म्हटलं, मला एकदा घेऊन चल. बंदूक नको, नुसतं बघतो. बायको म्हणाली, "मरणाऱ्या सशाचा आवाज काढून तुम्ही कोणाला फसवायला चाललात, कळतंय का तुला?" मला कळत नव्हतं, म्हणूनच जायचं होतं.

जानेवारीतला शनिवार. लानोच्या पुढे त्याच्या रँचवर आम्ही एका ओकच्या बुंध्याला पाठ लावून बसलो, वारा तोंडावर घेऊन. कायोटी आवाज ऐकला तरी सरळ येत नाही, वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगाला जातो आणि आधी वास घेतो, त्यामुळे नजर तिकडे ठेवायची. यंत्र त्याच्याकडेही आहे, पण त्या दिवशी त्याने लाकडी शिट्टीच काढली. अर्धा मिनिट किंकाळ्या, मग शांतता. परत किंकाळ्या, आधीपेक्षा हळू. माझ्या अंगावर काटा आला, आणि तो थंडीचा नव्हता.

वीस मिनिटं झाली. कायोटी यायचा असेल तर एवढ्या वेळात येतो. मी उठायला लागलो तर त्याने हाताने थांबवलं. आणखी पंधरा मिनिटं. आणि मग समोर चाळीस पावलांवर, जिथे मी इतका वेळ बघत होतो तिथेच, एक बॉबकॅट बसलेलं होतं. कधी आलं, कुठून आलं, काही कळलं नाही. घरातलं मांजर स्वयंपाकघराच्या दारात बसतं तसं, पाय जुळवून. मांजर नाकावर नाही, डोळ्यांवर आणि कानांवर विसंबतं; त्याला घाई नसते. ते माझ्याकडे बघत होतं. म्हणजे सशाकडे. दोन-तीन मिनिटांनी उठलं आणि झुडपात विरघळलं. सहकाऱ्याने रायफल उचललीच नाही. "मांजराचा माझ्या करडांशी अजून काही हिशेब नाही," म्हणाला.

दुसऱ्या जागी कायोटी आला. सहाव्याच मिनिटाला, पळत, सरळ. त्याने एकच गोळी झाडली. मला बघवलं नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल, मी बघितलं. मादी होती. जवळ जाऊन तो थोडा वेळ नुसता उभा राहिला.

परत येताना गाडीत मी त्याला नोल्टनचं सांगितलं. चार आणि सात पिल्लांचं. मला वाटलं मी त्याला काहीतरी नवीन सांगतोय. तो हसला. "माहीत आहे मला. ही गेली, दोन-तीन महिन्यांत दुसरी जोडी इथे येईल. पण तेवढ्या दोन-तीन महिन्यांत माझ्या शेळ्या व्यायलेल्या असतील आणि करडं पळण्याएवढी झालेली असतील. मला कायोटी संपवायचेच नाहीत. मला फक्त हे दोन महिने पाहिजेत." गेल्या वर्षी त्याची नऊ करडं गेली होती. दोन मोठी पांढरी पिरेनीज कुत्रीही आहेत त्याच्याकडे. १०८० वर बंदी आली त्यानंतर सत्तरच्या दशकातच इथल्या संशोधकांनी राखणीच्या कुत्र्यांचा नव्याने अभ्यास सुरू केला. आपल्या धनगरांना ते कोणी शिकवायला लागलं नाही. कुत्र्यांनी खूप फरक पडला म्हणाला, पण शंभर टक्के नाही.

मी गप्प बसलो. मी युद्धाचे आकडे वाचून गेलो होतो आणि तो युद्ध करतच नव्हता. तो हॉटफिक्स टाकत होता, आणि त्याला ते माहीत होतं.

पण सगळेच त्याच्यासारखे नाहीत, हेही लिहायला हवं. इथे वीकांताला स्पर्धा भरतात: चोवीस तासांत जास्तीत जास्त कायोटी कोण मारतो, बक्षीस रोख. तिथे ना करडं असतात, ना हिशेब. कॅलिफोर्नियाने २०१४ मध्ये असल्या बक्षिसांवर बंदी घातली, व्हरमाँटने २०१८ मध्ये असल्या स्पर्धा बंद केल्या, २०१९ मध्ये न्यू मेक्सिको आणि ॲरिझोनाने पावलं उचलली, आणखीही काही राज्यं आली. टेक्सास त्यात नाही. शिट्टी तीच, आवाज तोच. फुंकणारा कशासाठी फुंकतोय एवढाच काय तो फरक. मला तो फरक आता फार मोठा वाटतो.

एक शेवटची गोष्ट. मला सतत एक प्रश्न पडत होता: ससा ओरडतोच का? वाचवायला तर कोणी येणार नाही, ससे काही कळपाने धावून येत नाहीत. मग गोरान हॉगस्टेड या स्वीडिश पक्षीशास्त्रज्ञाचा १९८३ चा निबंध सापडला. त्याचं म्हणणं पक्ष्यांच्या किंकाळ्यांबद्दल आहे: ही हाक मित्रांसाठी नसतेच, ती दुसऱ्या शिकाऱ्यासाठी असते. आवाज ऐकून दुसरा कोणी खायला आला, पहिल्याशी त्याची झटापट झाली, तर त्या गोंधळात निसटायची एक बारीकशी संधी. सशालाही हे लागू असेल तर ती किंकाळी मुळातच कायोटीला उद्देशून आहे. मरताना त्याने आपल्या दुसऱ्या शत्रूला मारलेली हाक.

म्हणजे मार्बल फॉल्सच्या भावांनी लाकडात भरली ती सशाची एवढीशी आशा. आणि त्या आशेचाच आम्ही फास केला.

आईला मी शिकारीचं सांगितलं नाही. ती परत गेली त्याच्या आदल्या पहाटे पुन्हा ओढ्याकडून कोल्हेकुई आली. आम्ही दोघं खिडकीशी उभे होतो. "आज किती असतील?" तिने विचारलं. म्हटलं, "दोन." "अगंबाई, दोनच? वाटत नाही."

सहकाऱ्याने ती लाकडी शिट्टी मला देऊन टाकली. टेबलाच्या खणात आहे. मुलाने एकदा फुंकायला मागितली तर दिली नाही, का ते त्याला अजून नीट सांगता आलेलं नाही.

असो.